डोळ्यांच्या खोलीत खोत

"काशीरामदादा, मान हलवायची नाही," तुळसाबाई चमच्याने पेज भरवता भरवता म्हणाल्या.

"बाय, पाठीचा लाकूड झाला. चार दीस झालं," दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेला काशीराम कुरकुरला.

"डोळा हवाय ना?"

"हवाय. येकच तं ऱ्हायलाय."

ते खरं होतं. दुसरा डोळा गावात आलेल्या एका वैदूने सुईने कायमचा मिटवला होता. उरलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू आमच्या डॉक्टरांनी काढला. त्या काळी, म्हणजे तेहतीस सालच्या सुमारास, आमच्याकडे त्या जखमेला टाका घालत नसत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून रोग्याने दहा-बारा दिवस उताणं पडून राहायचं. एकदा झटक्याने उठला, की डोळा गेलाच.

मी रत्नागिरीच्या त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमची खोली सहा खाटांची, एका बाजूला डोळ्यांचे रोगी आणि दुसऱ्या बाजूला कानांचे. डोळेवाले दचकू नयेत म्हणून हळू बोलायचं, आणि कानवाल्यांना ओरडल्याशिवाय ऐकू जायचं नाही! माझं तर डोकं फिरायचं. तुळसाबाई मात्र कानवाल्यांशी बोलतच नसत. हाताच्या चार खुणांवर त्या कान धुण्यापासून जेवण वाढण्यापर्यंत सगळा कारभार चालवत. आमच्या दवाखान्यात त्यांच्यासारखी नर्स दुसरी नव्हती, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

नवरा गेल्यावर त्या मुंबईला जाऊन हे काम शिकून आल्या होत्या. मूळच्या काशीरामच्याच गावच्या, कुणब्याच्या. भाऊ अजून गावच्या खोतांची, म्हणजे जमीनदारांची, जमीन कसत होता.

आणि त्या दिवशी नेमके खोतच दारात उभे राहिले. कचेरीच्या कामाला शहरात आले होते. माणूस वाईट नव्हता. आपल्या कुळाला बघायला म्हणून मुद्दाम केळ्यांची फणी घेऊन आला होता.

"काय रे काशीराम, बरा आहेस ना?"

गावात हा आवाज कानावर पडला, की कुळाने उठून उभं राहायचं, वाकून जमिनीला हात लावायचा आणि खोत जाईपर्यंत मान वर करायची नाही. साठ वर्षांची सवय. काशीरामने कोपर खाटेला टेकवलं आणि त्याचं डोकं पिशव्यांमधून वर येऊ लागलं. मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. हातातली बाटली खाली ठेवून मीही वाकून नमस्कार केला.

तुळसाबाईंनी वाटी टाकली. एक तळवा काशीरामच्या कपाळावर आणि दुसरा छातीवर ठेवून त्यांनी त्याला दाबून धरलं.

"पडून ऱ्हा."

"बाय, सोड. खोत आल्यात."

"कोणी पण येऊंदे." मग मान न वळवता त्या खोतांना म्हणाल्या, "तुम्ही बाहेर जा. तुमचा आवाज ऐकला की हा उठणार, आणि उठला तर डोळा जाणार."

खोतांना असं कोणी कधी म्हटलं नसावं. त्यांनी तुळसाबाईंकडे निरखून पाहिलं.

"तू विठूची बहीण तुळसा ना गो?"

"होय. भाऊ तुमचीच जमीन करतो. पण आधी बाहेर जा."

खोतांनी केळी उंबऱ्याशी ठेवली आणि ते गेले. पावलं पार ऐकू येईनाशी होईपर्यंत तुळसाबाईंनी काशीरामला सोडलं नाही. नंतर त्या सांडलेली पेज पुसू लागल्या. "खोत आता माझ्या भावाची जमीन काढून घेणार बहुतेक," त्या मला हळूच म्हणाल्या.

बाराव्या दिवशी पट्टी उतरली. डॉक्टरांनी तपासणीच्या पेटीतलं जाड भिंग चष्म्याच्या चौकटीत घालून काशीरामच्या डोळ्यापुढे चढवलं आणि बोटं दाखवली.

"तीन," काशीराम म्हणाला. "आनि तुमचा नख वाढलाय."

आम्ही सगळे हसत असतानाच दारात कोणी चपला काढल्या.

"येऊ का, तुळसाबाई?" खोत होते. आवाज अगदी खालचा. "तुझा भाऊ पेरणीआधीच्या भाजवणीला लागलाय. त्याच शेतात."

तुळसाबाईंचा चेहरा उजळला, तो मी पाहिला.

काशीराम घाईघाईने खाटेवरून उतरला आणि वाकू लागला.

"वाकायचं नाही," तुळसाबाई म्हणाल्या. "सहा आठवडे."

"खोत म्होरं असलं तरी?"

"तरी."

काशीराम ताठ उभा राहिला. हात जोडले, पण बघावं कुठे ते त्याला समजेना. आजवर त्याने खोतांचे पायच पाहिले होते. शेवटी त्याने तोंड वर केलं आणि त्या जाड भिंगातून तो कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

"खोतानू," तो म्हणाला, "तुमी म्हातारं झालाव."

"झालो रे," खोत म्हणाले.

आता घरी जायचं होतं. काशीरामचं गाठोडं खाटेखाली होतं, आणि तुळसाबाई पलीकडच्या रोग्याचा कान धुण्यात गुंतल्या होत्या. मी पुढे झालो. पण माझ्याआधी खोतच वाकले आणि त्यांनी ते बाहेर ओढलं.