साळूबाईचं गाठोडं

साळूबाई मिरजेहून माहेरपण करून आली, आणि त्या दिवसापासून तिनं तानीला सासूच्या हाती आंघोळीला दिलं नाही. राहीबाईच्या मनात पाल चुकचुकली ती तिथं.

त्याआधी आठ महिने नातीची आंघोळ राहीबाईच घालायची. पाटावर बसून पाय लांब करायचे, पोरीला पायांवर उपडं घालायचं आणि तेलानं चोळून काढायचं. आता सून म्हणायची, "ऱ्हाऊ द्या आत्याबाई, तुमचं गुडघं दुखत्यात." गुडघे दुखत होते हे खरं, पण ते काही आजच दुखायला लागले नव्हते. त्यात फाल्गुनाच्या उन्हात पोरीच्या अंगात लांब बाह्यांचं आंगडं. कुणापासून काय झाकून ठेवायचं होतं हिला?

सांगलीपासून चार कोसांवर, कृष्णेच्या काठाला त्यांचं गाव. राहीबाईचा मुलगा जोतिबा पलटणीत होता. लढाई ब्रह्मदेशाच्या हद्दीवर आली होती, आणि त्याचं पत्र आलं तर महिन्याकाठी एखादं. घरात राहीबाई, सून, नात आणि राहीबाईचा विधुर दीर नाथाजी. ऊस, गुऱ्हाळ, बैल सगळं नाथाजीच बघायचा.

साळूबाई परत आली त्याच दिवशी नाथाजी सांगलीच्या पेठेत गूळ घालून आला होता. पुढं पंधरा दिवसांनी त्याला ताप भरला. पाठ फुटल्यासारखी दुखायला लागली. चौथ्या दिवशी कपाळावर आणि हातांवर पुरळ दिसलं, आणि राहीबाईला कुणी सांगायची गरज पडली नाही. सात वर्षांची असताना तिला स्वतःला देवी आल्या होत्या. तोंडभर त्याचे वण होते. तिनं दाराला लिंबाचा डहाळा बांधला, घरात फोडणी बंद केली, आणि देव्हाऱ्यापुढं दहीभात ठेवला.

साळूबाई नाथाजीच्या उशाशी बसली ती उठेना; रात्री तेवढी राहीबाई बसायची. पाणी पाजायची, फोडांवरनं लिंबाच्या पाल्यानं वारा घालायची, चिकटलेलं धोतर भिजवून हळू सोडवायची. तिच्या अंगावर एक फोड उठला नाही. तानीच्याही नाही.

"वैनी," वाड्यापलीकडचा हंबीरराव आवाराच्या बाहेर उभा राहूनच म्हणाला, "तुमची सून रोगाजवळ बसती आन तिला काय हुईत न्हाई. मिरजेस्नं काय शिकून आली म्हनायची?"

"सेवा करतीया," राहीबाई म्हणाली.

"करू दे की. पर ती आली आन पंधरा दिसांत नाथाजी पडला. मी आपलं बोलून दाखिवलं."

तो गेला, पण शब्द मागं राहिला. राहीबाई बोटं मोजत बसली. पंधरा दिवस बरोबर भरत होते. मग तिला एकेक आठवायला लागलं. सून नाथाजीचं अंथरूण झटकत नव्हती, गुंडाळून उचलत होती. खपल्या धरून गळायला लागल्या तशी ती त्या ओल्या फडक्यानं टिपून एका चिंधीत बांधत होती. माणसाची नखं, केस, कातडं घेऊन काय काय करतात हे राहीबाईनं लहानपणापासून ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साळूबाई चिंधीचं गाठोडं पदराखाली घेऊन मागच्या दारानं निघाली. राहीबाई उसाच्या कडेनं तिच्या मागं गेली. नाथाजी पडल्यापासून गुऱ्हाळ बंद होतं. साळूबाईनं गुळाच्या कढईखालच्या चुलवणात उसाची वाळली चिपाडं पेटवली, इकडंतिकडं बघितलं, आणि गाठोडं जाळात टाकलं.

"कुनाच्या नावानं जाळतीस?" राहीबाई मागनं म्हणाली.

साळूबाई दचकली. पण पळाली नाही. "नावानं न्हाई जाळत, आत्याबाई. ह्या खपल्यांत रोग असतोय. वाऱ्यानं उडल्या तर दुसऱ्याच्या घरात जातोय. दादानं सांगितलंय मला."

तिचा थोरला भाऊ मिरजेच्या एका दवाखान्यात कंपाउंडरच्या हाताखाली होता.

"मग लपूनछपून कशाला?"

"देवीच्या खपल्या जाळल्या म्हनून तुमी मला घरात ठिवलं नसतं."

ते खरं होतं, म्हणून राहीबाईला जास्तच राग आला. "आन पोरीच्या अंगात काय लपिवलंयस?"

साळूबाई घराकडं चालायला लागली. मग घरी येऊन तिनं झोळीतल्या तानीचं आंगडं स्वतःच वर सरकवलं. दंडावर दोन गोल वण होते, अजून तांबूस.

राहीबाईचा हात उगारला गेला आणि तसाच राहिला. "टोचलंस माझ्या नातीला? मला न इचारता?"

"इचारलं असतं तर तुमी व्हय म्हनला असता?"

राहीबाईची पहिली मुलगी मनू दोन वर्षांची होती तेव्हा देवी काढणारा गावात आला होता. त्यानं टोचलं आणि आठव्या दिवशी मनू तापानं गेली. त्यानंतर टोचणारा आला की राहीबाई जोतिबाला उसात घेऊन बसायची. ही गोष्ट सुनेला लग्न झाल्या वर्षीच कळली होती.

"मनूला त्येंनीच मारलं," राहीबाई म्हणाली. "आन तू पोरीला तिथंच न्हेलंस. वर नाथाजीच्या अंगावर रोग आनलास."

"मी आनला न्हाई."

"मग तुला का न्हाई झाला?"

"मला लहानपनीच टोचलंय, आन औंदा माहेरी पुन्यांदा टोचून घेतलं. पर आत्याबाई, तुमाला तरी कुठं झाला? तुमीबी त्येंच्या उशाशी बसताच की."

राहीबाई बोलणार होती की मला एकदा होऊन गेलाय, देवी पुन्हा येत नाही. शब्द तोंडाशी आला आणि तिचा तिलाच ऐकू आला.

"दादा सांगतोय," साळूबाई हळू म्हणाली, "आपल्या रगतात राखनदार असत्यात. चोर पैल्यांदा येतोय तवा त्येंना त्यो ठावा नसतोय, म्हनून मानूस एवढा आजारी पडतोय. जगला वाचला तर ते राखनदार त्येला जन्मभर इसरत न्हाईत. पुन्यांदा आला की दारातच धरत्यात. तुमच्यात ते तसं तयार झालं. टोचत्यात तवा ह्याच रोगाच्या जातीतला, पर साधा रोग देत्यात. त्येवढ्यावर राखनदार ह्याला वळखायला शिकत्यात."

"लय शिकलीस," राहीबाई म्हणाली आणि आत गेली. तिचा विश्वास बसला नव्हता. पण त्या संध्याकाळी तिनं नाथाजीचं अंथरूण झटकलं नाही.

नाथाजी बोलण्याइतका सावध झाला तेव्हा त्याचा डावा डोळा गेलेला होता. राहीबाईनं त्याला विचारलं, पेठेत कुणाशेजारी निजला होतास? तो आठवून म्हणाला, "आष्ट्याचा एक गाडीवान व्हता, वैनी. तापानं फनफनला व्हता. मी त्येला माझं घोंगडं दिलं. सकाळी तेच पांघरून आलो." गाडीवानाचं पुढं काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. राहीबाईनं ते घोंगडं स्वतःच्या हातानं चुलवणात घातलं. सुनेला काही म्हणाली नाही.

चार दिवसांनी गावात देवी काढणारा आला. पिकल्या मिशांचा, तात्या म्हणत त्याला. चावडीपुढं मोजकीच माणसं जमली. राहीबाई सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं मनूचं सांगितलं. कधी टोचलं, कधी ताप भरला, गळा कसा सुजला, सगळं.

"आता सांगा, तुमच्या सुईनं गेली का न्हाई?"

तो लगेच नाही म्हणेल आणि मग आपण त्याला चारचौघांत खोटा पाडू, असं ती ठरवून आली होती. तात्यानं हातातली सुई खाली ठेवली.

"गळा सुजला होता म्हणता, म्हणजे दुसरा आजार असेलही. पण मी तिला पाहिलेलं नाही, बाई. सुई नीट धुतलेली नसली तर माणूस दगावतो, असंही झालेलं आहे. मला माहीत नाही."

पंचवीस वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग ती त्याच्या शेजारीच खाली बसली. प्रत्येकाला टोचण्याआधी सुई दिव्यावर धरली का, हे वाकून बघत राहिली. एकदा तो विसरला तेव्हा तिनं त्याचा हात धरला. तिथं राहीबाई बसलीय म्हटल्यावर आणखी पंधरा-वीस आया पोरं घेऊन आल्या.

हंबीरराव आला नाही. आठवड्यानं त्याची सून देवीनं पडली. घरातले सगळे ओसरीवर जमले होते, आत जायला कुणी धजेना. राहीबाई आणि साळूबाई दोघी त्याच्या दारात गेल्या. हंबीररावाच्या आईनं साळूबाईला उंबऱ्यावरच अडवलं. "ही न्हाई. हिच्या पायानंच आलंय गावात."

राहीबाईनं नाथाजीच्या घोंगड्याचं सांगून बघितलं. म्हातारी हलेना. शेवटी राहीबाईनं सुनेकडं वळून विचारलं, "पानी कवा कवा पाजायचं? फडकी कशात भिजवायची? समदं सांग मला."

साळूबाईनं तिथं अंगणातच उभं राहून सांगितलं. राहीबाईनं पदर खोचला आणि एकटीच आत गेली.