भागीरथीची पत्रं

नवऱ्याचं, गुंडेराव वकिलांचं, कल्याणीतलं घर सोडून मालतीबाई हुमनाबादच्या मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या, तेव्हा लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. भाकरी थापावी, खावी, तवा घासून पालथा घालावा, एवढंच चाललं होतं. जिवाला लागलेली गोष्ट एकच, माहेरी खजुरीला असलेली आई. ती अंथरुणाला खिळलेली, आणि भाऊ बंडोपंत पत्रातून कळवायचा तेवढीच तिची खबर.

पण ती पत्रं फोडलेली यायची. वकिलांचा माणूस टपालवाल्या बसवंतप्पाला वाटेतच गाठी, आणि पाकिटावर बाईंच्या नावापुढं साक्षात नवऱ्याचंच नाव असल्यावर तो बिचारा नाही कसं म्हणणार? गुंडेराव पत्र वाचत, चार मित्रांना वाचून दाखवत, आणि मग सावकाश बायकोकडे धाडत. आईला उठवून बसवावं लागतं, हे बाईंना कळायच्या आधी कल्याणीच्या बैठकीला कळलेलं असायचं.

मग बाईंना एक युक्ती सुचली. लग्नात गुंडेरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'मालती' असं लिहिलं, त्याआधी त्या भागीरथी होत्या. हे नाव हुमनाबादेत कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि गुंडेरावांना तर ते आठवायचीही गरज पडली नव्हती. बाईंनी भावाला कळवलं, यापुढं पाकिटावर भागीरथी एवढंच घाल. बसवंतप्पालाही बजावलं, 'त्या नावाची पत्रं माझ्या दारात आणून द्यायची. हातात.'

त्यानंतर एकही पत्र आलं नाही. वाट पाहून बाईंनी शेवटी बसवंतप्पाला रस्त्यात थांबवलं.

"दिली की अक्का, समदी दिली. कामून?"

"कुणाच्या हातात दिलीस?"

"त्या पोरीच्या. परकरातली, तुमच्या उंबऱ्यावर बसलेली असती बगा. म्या नाव इचारलं, तर भागीरथी म्हणली." तो जरा घुटमळला. "तोंडावळा तुमचाच हाय. कोण लागती तुमची?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी कोनाडे पाहिले, माजघर पाहिलं, न्हाणी पाहिली. कुणी नव्हतं. भीती वाटायला हवी होती, ती काही वाटेना. त्यांनी नेहमीप्रमाणं चूल पेटवली. फक्त आई कशी आहे हे त्या पोरीला कळलंय आणि आपल्याला नाही, एवढं मात्र छातीत रुतलं. त्या रागानं फुंकणी चुलीपुढं आपटली गेली तेव्हा, अगं बाई, आपल्याला अजून राग येतो तर, असं त्यांना वाटलं.

तसंच बसून त्यांनी भावाला लिहिलं, 'आई कशी आहे, ते लगेच कळव. मला एकही पत्र मिळालेलं नाही.' पाकिटाला लाख लावली, आणि मागं पाठवणाऱ्याचं नाव घालताना इतक्या वर्षांच्या सवयीनं हात 'मालती' लिहून गेला.

आठवडाभरानं बसवंतप्पा दारात आला.

"तुमचं पत्र वापस आलंय, अक्का. आन् ती पोरगी दिसंना झाली की. गावाला गेली व्हय?"

बाईंनी पाकीट उलटं केलं. मागं बंडोपंताच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'मालतीबाई नावाचं आमच्या नात्यात कुणी नाही. आमची बहीण भागीरथी इथं घरीच आहे, आईजवळ. परक्या बाईंचं पत्र, म्हणून उघडलं नाही.'

बाईंनी ते पुन्हा वाचलं. आई कशी आहे, ते त्यात नव्हतं.

बसवंतप्पानं वाकून पाकीट न्याहाळलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"बगा, ह्या खेपेला कुणीबी फोडलं न्हाई."

"नाही," बाई म्हणाल्या.