कपाटात नसलेल्या वस्तू

कपाटाचं दार ओढलं, तसं ते बिजागरीसकट हातात आलं. लेक दार धरून तशीच उभी राहिली. आत आईचे चार कपडे, एक चादर आणि बाकी नुसती मोकळी जागा.

“आई, लोकरीचा कोट कुठाय?”

“असेल की.” आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती.

“आणि हिरवी शाल? विजेची किटली?”

“सगळी मजेत आहेत.”

लेकीने दार भिंतीला टेकवलं आणि ती बाहेर आली. सहा वर्षं ती अशीच धावतपळत येई, एक-दोन दिवस टेके आणि निघून जाई. न राहण्याची भरपाई पार्सलं करत.

“मी तिकडे जादा पाळ्या करून मरमर मरते आणि तू वाटत सुटतेस?”

“अगं, एक कोट आहे ना मला. दुसरा घालायला दुसरी पाठ कुठून आणू?”

“चेष्टा नकोय मला.”

आईने टोपली तिच्याकडे सरकवली. लेकीने शेंगा सोलल्या, पण जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दोघी उपासनेला गेल्या. पुढच्याच बाकावर चर्चची घंटा वाजवणारे काका बसले होते, अंगात तिने पाठवलेला कोट. बायकी घाटाचा, बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. पलीकडे पाळकांच्या म्हाताऱ्या सासूबाई हिरवी शाल लपेटून गात होत्या. लेकीने ओठ घट्ट मिटून घेतले. आई मात्र डोळे मिटून, सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे राहून, मनापासून गात होती.

उपासनेनंतर मागच्या खोलीत चहा झाला. पाणी उकळत होतं ते तिच्याच किटलीत. ती आईला काही बोलणार, तोच सासूबाईंनी तिचा हात धरला.

“तूच ना गं ती? आमची शाल पाठवणारी?”

“तुमची?”

“तुझी आई म्हणाली, लेकीने पाठवलीय, तिच्यासाठी प्रार्थना करा. रोज नाव घेते मी तुझं.” म्हातारीने तिच्या हातावरून हात फिरवला. “तुझं बाळ गेलं, तेव्हा आम्ही सगळे याच खोलीत रडत बसलो होतो.”

लेकीने हातातला कप टेबलावर ठेवला. ते तिने फक्त आईला सांगितलं होतं, फोनवर, दोन वाक्यांत. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली होती. तिकडे नव्या घराच्या तीन खोल्यांत त्याबद्दल कोणीच कधी बोललं नव्हतं.

घंटावाले काका जवळ आले. त्यांनी बाह्या खाली ओढून पाहिल्या. शेवटी म्हणाले, “कोट जरा आखूड पाठवलास, बाळ.”

ती हसली, आणि हसता हसताच तिने तोंडाला रुमाल लावला. काकांनी गुपचूप तिच्या कपात आणखी चहा ओतला.

घरी आल्यावर आईने पानं वाढली. दोघींनी हात जोडले. आईची प्रार्थना लेकीला लहानपणापासून पाठ होती. तिच्यात आभारच असत: अन्नाचे, छपराचे, चालत्या पायांचे. मागणं म्हणून कधी नसेच. आजही आई छपरापर्यंत आली, पायांपर्यंत आली आणि थांबली.

“आणि प्रभू, जमलंच तर...”

आईने एक डोळा किलकिला करून लेकीकडे पाहिलं.

“आमेन,” आई घाईघाईने म्हणाली.

“काय जमलं तर?”

“ते आमचं आमच्यात आहे. जेव तू. उद्या सकाळची गाडी ना तुझी? कपडे भरून ठेव.”

लेकीने आईकडे पाहिलं. आई मिठाचं भांडं उगाचच इकडचं तिकडे करत होती. लेक ताटावरून उठली, खिडकीशी गेली आणि तिने फोन लावला.

“साहेब, उद्या येत नाही मी. नाही, बरी आहे. आईकडे आहे. पुढच्या सोमवारी येते.”

ती परतली तेव्हा आई खाली मान घालून जेवत होती. लेकीच्या पानात मात्र भाताचा दुसरा ढीग आला होता.