कुंकू लावून बोलावलेल्या बायका

जमखाना अंथरून झाला, हरभऱ्याचं सुंडल निवून गेलं, डोशाचं पीठ पुन्हा ढवळून झालं, तरी दाराशी चप्पल दिसेना. तुळसी गॅलरीतून खाली पाहत राहिली. आवडी नावाच्या या उपनगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये दुपार कलली की बायका वाळलेले कपडे काढतात, जिन्यात उभ्या राहून बोलतात. आज जिना ओस. तिच्याच वेळेला सगळ्यांना झोप लागली होती म्हणायची.

आत पंख्याखाली कौमुदी बसली होती, शहरातून, नुंगंबाक्कमहून आलेली. घरी बायका जमवून तवे विकणाऱ्या कंपनीत ती तुळसीच्या वरची. मागची बैठक रिकामी गेली म्हणून आज जातीने आली होती. आजही तसंच झालं तर तुळसीचं नाव कंपनीतून निघणार होतं.

निघू दे, असं गुरुमूर्ती म्हणे. त्याला म्हणायला काय जातं? लग्न होऊन ती इथे आली तेव्हापासून ती गुरुमूर्तीची बायको, मग मुलगा झाल्यावर नवीनची आई. तुळसी म्हणत ते फक्त कंपनीत. बाईला स्वतःचं नाव ऐकायला तवे विकावे लागतात, आणि त्याची लाज कुणालाच वाटत नाही.

"नीट बोलावलंस ना?" कौमुदीने विचारलं.

"घरोघर जाऊन, अक्का. कुंकू लावून. सगळ्या येते म्हणाल्या."

ही युक्ती कौमुदीचीच. इथे राहणाऱ्या तंजावरकडच्या घरांत फोनवरचं बोलावणं हे बोलावणंच नव्हे. दाराशी येऊन कपाळाला कुंकू लावलं की सवाष्णीने नाही म्हणायचं नाही. पहिल्या बैठकीला तुळसी अशीच कुंकवाची डबी घेऊन फिरली, तेव्हा जमखान्यावर बसायला जागा उरली नव्हती.

जिन्यात पावलं वाजली. आल्या त्या वरच्या मजल्यावरच्या अंबुजामामी. नवरा जाऊन कित्येक वर्षं झालेली, कपाळ मोकळं. बोलावणी करताना तुळसी त्यांच्या दारावरून डबी पदराखाली झाकून पुढे सरकली होती. दर वेळी.

"या, मामी," ती कशीबशी म्हणाली.

"बोलावलं नाहीस ते ठाऊक आहे. माझा तवा चिकटतोय, म्हणून आले." मामी भिंतीला टेकून बसल्या. "बाकीच्या?"

"येतील."

"यायच्या नाहीत ग." मामींनी सुंडल तोंडात टाकलं. "पहिल्या वेळी कुंकू लावून नेलंस, त्यांना वाटलं हळदीकुंकू. बसतात तोच मांडीवर तव्यांचं पुस्तक ठेवलंस. कुंकू घेऊन बसलेली बाई तोंडावर नको कशी म्हणेल? घेतले एकेकीने. खालच्या मजल्यावरच्या सीतालक्ष्मीचा तवा अजून खोक्यात आहे. तव्याचा राग नाही त्यांना. डबीचा आहे."

तुळसी म्हणाली, "आणि तुम्ही कशा आलात?"

"मला कुठे लावलंस? मी मोकळी. आवडला तर घेईन, नाहीतर कॉफी पिऊन जाईन."

कौमुदी हसली. तिने तवा तापवला, डोसा घातला, उलथनं न लावता ताटात सरकवला.

मामींनी तुकडा चाखला. "तेलाशिवाय सुटला खरा. चवही सुटली."

"गंमतच करता मामी तुम्ही. ठीक आहे, एक तर एक." कौमुदीने फोन काढला. "जवळून फोटो घेऊ, म्हणजे गर्दी नाही ते कळायचं नाही. फक्त एवढी लावा." पर्समधून तिने टिकल्यांचं पाकीट काढलं. "फोटोपुरती. कंपनीच्या ग्रुपवर मोकळं कपाळ बरं दिसत नाही."

मामी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा हात नुसता कपाळाकडे गेला, तिथे काही घाण लागलीय असं कुणी सांगितल्यासारखा. आत्ता डबीवरून कशा तडातडा बोलल्या होत्या. आता टिकलीकडे बघत होत्या.

तुळसीने तो हात पाहिला. कौमुदी जे तोंडाने बोलली, तेच आपण पदराखाली डबी झाकून करत होतो. आपलं काम बिनआवाजाचं, एवढाच फरक.

"फोटो नको, अक्का."

"मग बैठक झालीच नाही असं धरतील. तुझं नाव..."

"काढा."

कौमुदीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तवा वर्तमानपत्रात गुंडाळला, गरम होता तसाच, आणि पेटी उचलून निघून गेली. मामीही जिना चढून गेल्या. ग्रुपमधून नाव निघाल्याचं गुरुमूर्ती घरी यायच्या आतच फोनवर दिसलं. तुळसीने एकटीने बसून सुंडल संपवलं. रडली नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी ती वर गेली. हातात डबी नव्हती. अर्धा कांदा होता आणि तेलाची वाटी, चिकटणाऱ्या तव्यासाठी. दार वाजवलं.

"कोण?" आतून मामींचा आवाज.

नवीनची आई, असं जिभेवर आलंच होतं. तिने ते गिळलं.

"तुळसी," ती म्हणाली. "तुमचा तवा बघते. आणि संध्याकाळी कॉफीला खाली या. बोलवायला आलेय."