आतल्या थरातला खिसा

त्या दिवशी सकाळी फरशी पुसायला थोरलीने बादलीतलं फडकं पिळलं आणि तिच्या बोटांना बटण लागलं. फडकं उलगडून पाहते तर निळ्या रेघांचा सदरा. तिच्या नवऱ्याचा. माणूस जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि सासूबाईंनी त्याचे बरे कपडे वाटून टाकले होते, विटलेले फरशीला लावले होते. या घरात थोरलीला बोलायचं काम नव्हतं, बाकी सगळी कामं होती. तिने सदरा धुऊन वाळवला, उरलेल्या चिंध्यांचं बोचकं काखोटीला मारलं आणि दुपारी गल्लीच्या टोकाला शिंपिणीच्या दुकानामागच्या खोलीत गेली.

तिथे दुपारी बायका गोधड्या शिवत. शिंपीण तोंडात टाचण्या धरूनच बोलायची, म्हणून सगळ्या तिला टाचणीबाई म्हणत. तिने बोचकं पाहिलं, थोरलीचा चेहरा पाहिला, आणि काय झालं, कसं झालं, यातलं काही विचारलं नाही.

"शिवता येतं?"

"बटण लावता येतं."

"म्हणजे येत नाही. बस. आधी उसवायला शीक."

थोरली उसवायला शिकली, मग थर लावायला. खाली अस्तर, मध्ये जुन्या कपड्यांचे थर, वर जुळवलेली ठिगळं. बायका चारी बाजूंना बसून कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत येत. समोर बसणारी परटीण एकदा तिचं काम न्याहाळून म्हणाली, "अगं, टाके घालतेस की म्हशीची पावलं उमटवतेस?" थोरली खळखळून हसली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. हसून झालं आणि तिने दचकून दाराकडे पाहिलं.

"इथं कुणी बघत नाही," टाचणीबाई म्हणाली. "हस खुशाल."

घरची रीत वेगळी होती. नवरा गेलेल्या बाईने चूल सांभाळावी, दुखणी काढावीत, धुणी धुवावीत, पण चार लोकांत समोर येऊ नये. तिच्या हातचं जेवण चाले, तोंड चालत नसे! आणि ही रीत डोळ्यांत तेल घालून पाळणाऱ्या सासूबाई स्वतःच ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. पाहुणे आले की सासू-सून दोघी मागच्या खोलीत बसत, आणि सासूबाई दाराच्या फटीतून घर चालवत.

धाकट्या जावेला दिवस गेले, तेव्हा तिच्या ओकाऱ्या थोरलीने काढल्या, पाय थोरलीने चेपले. धाकटी लाडात येऊन म्हणाली, "ताई, बाळाची गोधडी तुम्हीच करा हं."

सासूबाईंनीही होकार दिला. "कर. पण कुणी विचारलं तर माझ्या भाचीने पाठवली म्हणून सांगू. उगाच लेकराच्या वाट्याला तुझं नशीब नको."

शिवणाच्या खोलीत हे कळल्यावर परटीण उसळली. "राबायचं तू आणि मिरवायचं भाचीने? जळलं मेलं ते घर!"

"बाळाने काय घोडं मारलंय?" टाचणीबाई म्हणाली. "कर तू."

वरची ठिगळं सगळ्यांनी आपापल्या घरून आणली. मधल्या थरात थोरलीने निळ्या रेघांचा सदरा घातला. खिसा आधी उसवायचा असतो, नाहीतर तेवढी जागा जाड राहते. तिला हे चांगलं ठाऊक होतं. तरी तिने खिसा उसवला नाही. त्याच खिशातून तो संध्याकाळी तिच्यासाठी भाजलेले शेंगदाणे आणायचा.

बाळ पाहायला नातेवाईक जमले. मागच्या खोलीत सासूबाईंनी गोधडीवर हात फिरवला, आणि तो मध्येच थांबला.

"हे काय लागतंय? खिसा?"

"यांचा सदरा आहे आत."

"गेलेल्या माणसाचं कापड लेकराच्या अंगावर? उसव! आत्ताच्या आत्ता उसव."

"आई, तुमच्याच पोटचा होता तो."

सासूबाईंनी तरीही कात्री पुढे केलीच. "मी जन्मभर या खोलीत बसले. माझं काय वाईट झालं?"

"ते तुम्हीच सांगा," थोरली म्हणाली. तिने गोधडी उचलली, दार ढकललं आणि सरळ पुढच्या खोलीत गेली.

विधवेची नजर नको म्हणून एका आत्याने लगबगीने पाळण्यावर कापड ओढलं.

"ही गोधडी मी केली," थोरली म्हणाली. "आत बाळाच्या काकांचा सदरा आहे. बाळाच्या अंगावर मीच घालणार."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने भिंतीकडे. थोरल्या भावाचे जुने सदरे घालूनच तो शाळेत गेला होता. "वहिनी, तुम्ही आत जा ना. लोक काय म्हणतील? सगळे गेले की गोधडी घेतो आम्ही."

"आणि मला?"

धाकटी रडत होती, पण पाळण्यासमोरून हलली नाही. ते पाहून थोरलीने गोधडीची घडी घातली.

"मग राहू दे. मी चालत नसेन तर माझे टाकेही नकोत."

त्या घराच्या पुढच्या दाराने ती प्रथमच पाहुण्यांदेखत बाहेर पडली. आता ती टाचणीबाईच्या माळ्यावर राहते आणि दिवसभर गोधड्या शिवते. थंडी पडली तेव्हा परटिणीने बाळाला खोकला झाल्याची बातमी आणली. थोरलीचा जीव तुटला. तिने फळीवरची गोधडी काढली, मांडीवर घेऊन बसली, आणि परत ठेवली.

मग एका दुपारी सासूबाई दारात उभ्या राहिल्या. गोधडी मागायलाच आल्या असणार, असं वाटून थोरली जागची उठली नाही. पण सासूबाईंनी पदराआडून एक पिवळा पडलेला सदरा काढला.

"मामंजींचा तुझ्या. माझ्या सासूने बाकीचे जाळले. हा एवढा ट्रंकेच्या तळाशी लपवला होता." मग खाली बघत म्हणाल्या, "याचं काही होईल का गं?"

टाचणीबाईने सरकून जागा केली, परटिणीने सुई दिली. सासूबाईंनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली. दोरा नेढ्याच्या शेजारून जात राहिला.

"दिसत नाही गं मला," त्या म्हणाल्या, आणि लहान मुलीसारख्या रडू लागल्या.

थोरलीने सुई घेतली, दोरा ओवून दिला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, कारण केलं नव्हतं. डोळे होते तेव्हा या बाईला कुणी सुई दिली नाही, आणि सुनेला काही द्यायची वेळ आली तेव्हा हिने कात्री दिली!

बाळ आता बसायला लागलंय. गोधडी अजून फळीवरच आहे. तिला न्यायचं तर शिवणारीलाही पुढच्या दाराने न्यावं लागेल, आणि तेवढी छाती त्या घरात अजून कुणाची झालेली नाही.

वाचकहो, त्या घराला नावं ठेवून झाली असतील तर एक करा. पुढच्या वेळी तुमच्याकडे पाहुणे जमतील, तेव्हा मागच्या खोलीत कोण बसलंय, ते उठून बघून या.