प्रमाणपत्रावरचा निल

टार्सिझियोच्या छापखान्यात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. बायका मेणबत्त्या घेऊन आल्या होत्या. भिंतीवर आमच्या प्रौढ साक्षरता वर्गाचं एक प्रमाणपत्र टाचलेलं होतं. त्यावर नावाच्या जागी ठळक अक्षरांत छापलं होतं: निल.

छापायचं होतं आमच्या विद्यार्थिनीचं नाव, एडिलेउझा. निल म्हणजे तिचा नवरा निल्टन; सगळे त्याला निलच म्हणत. याच छापखान्यात चाळीस वर्षं राबला आणि मार्चमध्ये वारला. बाकीची एकवीस प्रमाणपत्रं बिनचूक आली होती.

मृतांचे निरोप लिहून देणारी दोना झुलमीरा डोळे मिटून पेन्सिल फिरवत होती. "संगणकाच्या पडद्यावर 'लुआ' लिहिलंय. आपल्या पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र! तिथूनच लिहितोय तो. विचारतोय, बायकोला या वयात पुस्तकं कशाला हवीत?" मग एक डोळा किलकिला करून तिनं चीजपावांची ताटली जवळ ओढली.

"तो असंच म्हणायचा," एडिलेउझा हळूच म्हणाली. "मास्तर, मला नको ते प्रमाणपत्र. संध्याकाळी समारंभाला मी येत नाही."

दोन वर्षं मी तिला अक्षरं शिकवली होती.

"थांबा बाई. टार्सिझियो, नावांची यादी दाखव."

प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत होतं. फक्त तिचं नव्हतं.

"एडिलेउझामामीचं नाव शेवटी घातलं, घाईत," तो पुटपुटला.

"आता झुलमीराबाईंचं घाल. तसंच, चिन्हांशिवाय."

कागद बाहेर आला: निल.

"अगं बाई, तुम्हालाही बोलावतोय की!" मागून कुणीतरी ओरडलं.

झुलमीराची पेन्सिल थांबली. "माझं त्याच्याशी काही नव्हतं हं!"

हशा ओसरल्यावर मी सांगितलं, "लुआ ही संगणकाची छोटी भाषा आहे. पानं जुळवणारी प्रणाली तिच्या हाती नाव देते. चिन्हं असली, तर तिला कळतं की ही अक्षरं आहेत, जशीच्या तशी परत द्यायची. नसली, तर तिला वाटतं, या नावाचा डबा कुठेतरी ठेवलाय, त्यात काय आहे ते सांगायचं. असा डबा कुणी ठेवलेलाच नाही. मग ती म्हणते 'निल'. तिच्या भाषेत निल म्हणजे काहीच नाही."

टार्सिझियोनं चिन्हं घातली. नव्या कागदावर बोट ठेवून एडिलेउझानं वाचलं, "ए-डि-ले-उ-झा." मग विचारलं, "समारंभ किती वाजता?"

मुलांनो, एका नावावर चमत्कार दिसला, तर दुसरं नाव घालून बघा. त्याला पाच मिनिटं लागतात. तेवढी पाच मिनिटं कुणी थांबलं नसतं, तर एका बाईनं आपलं नाव सोडून दिलं असतं.