काचेच्या तोंडाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, कॉम्प्युटरचा. दुकानात मला कॅबिनेट म्हणतात, मिरजगावात सगळे सीपीयू म्हणतात आणि भागूबाई मला पेटी म्हणते. वय म्हणाल तर तीन वर्षं, पण आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. कॉम्प्युटरचा सगळा जीव आमच्या पोटात असतो. तो जीव थंड ठेवणं एवढंच आमचं काम. नेमकं तेच मला धड जमत नाही, ही भीती मी जन्मापासून बाळगून आहे.

कारखान्यात मला घडवताना तोंडाला जाळीऐवजी अख्खी काच बसवली, एका बाजूलाही काचच लावली आणि आत रंगीत दिवे लावले. दिसायला मी राजबिंडा झालो, पण वारा आत यायला खाली बोटभर फट तेवढी राहिली. नगरच्या एका दुकानात आठ महिने मी फळीवर बसून होतो. शेजारी जाळीच्या तोंडाचा एक काळा, ओबडधोबड डबा होता. किंमत दोघांची सारखीच, खिशाला परवडणारी.

एके दिवशी जया दुकानात आली. दोन वर्षं ब्लाउज शिवून तिने कॉम्प्युटरपुरती पुंजी जमवली होती. सोबत तिची आजी भागूबाई होती, डोळे तपासायला नगरला आणलेली.

"ताई, तुमचं घर पत्र्याचं, तिकडं ऊन लई," दुकानदार अमृत म्हणाला. "जाळीवाला घ्या. ह्यो देखना हाय, पन याला वारा मिळत न्हाई."

मी घाबरलो. पुन्हा फळीवर धूळ खात बसायचं? अमृतने दाखवायला म्हणून माझं बटण दाबलं तेव्हा असेल नसेल तेवढं बळ एकवटून मी झगमगलो. जया बघतच राहिली.

"आमच्या घरात आजवर एक वस्तू मनासारखी आली न्हाई, दादा. ह्योच द्या."

"बरं. लई तापला तर ही बाजूची काच काढून ठेवा. कोपऱ्यातले चार स्क्रू हातानंच निघत्यात."

जया माझे दिवे न्याहाळत होती. ते बोलणं ऐकलं फक्त भागूबाईने.

मिरजगावात माझं फार कौतुक झालं आणि तिथूनच माझे हाल सुरू झाले. एवढी देखणी पेटी, हिला कुणाची तरी दृष्ट लागणार, असं भागूबाईच्या मनाने घेतलं. घरात कुणी आलं की ती लगबगीने पातळाची चौपदरी घडी माझ्यावर टाकी. माणूस गेलं की जया हसत ती काढी. मला मात्र दर वेळी धस्स होई.

गेल्या मार्चमधली गोष्ट सांगतो. जयाचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. जया घरी बसून करायच्या एका नोकरीची परीक्षा देणार होती. नोकरी लागली तर पुढच्या हंगामात आईबापाला कोयता उचलावा लागणार नव्हता. परीक्षा नव्वद मिनिटांची आणि एकदाच. समोर कॅमेरा. नजर हलली, दुसरं माणूस दिसलं, आवाज आला किंवा मशीन बंद पडलं, की परीक्षा रद्द.

अकराला पंधरा मिनिटं कमी असताना शेजारची कडूबाई विरजण मागायला आली. "अगं बया, काय लखलखतंय हे," ती म्हणाली आणि विरजण घेऊन गेली. भागूबाई लगेच उठली. आज दृष्ट लागून चालणारच नव्हतं. तिने माझ्यावर पातळ टाकलं, वरून गोधडी घातली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. जयाचं सगळं लक्ष पडद्यावर होतं. अकराला परीक्षा सुरू झाली.

अर्ध्या तासात पत्रा तापला आणि माझा जीव गुदमरला. पोटातले पंखे घरघरू लागले. आणखी थोडं तापलं की मशीन आपोआप बंद पडतं, हे मला ठाऊक होतं. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. दुकानात आपण का झगमगलो, याची मला लाज वाटली. त्या काळ्या डब्याने पोरीला असं संकटात टाकलं नसतं.

जयाने घरघर ऐकली. तिचा पाय टेबलाखाली माझ्याकडे सरकला, गोधडीला लागला आणि तिथेच थबकला. वाकावं तर नजर हलणार. तिच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला, पण तिने तो पुसला नाही.

मग भागूबाई हलली. तिला कमी दिसे, पण कान शाबूत होते. गुडघे धरलेली ती म्हातारी जमिनीवर पालथी झाली आणि कॅमेऱ्याच्या नजरेखालून सरपटत माझ्यापाशी आली. ताप बघावा तसा तिने गोधडीखाली हात घातला आणि दचकून मागे घेतला. गोधडी ओढली, पातळ ओढलं. घरघर थांबेना. तेव्हा तिची बोटं माझ्या बाजूच्या काचेचे कोपरे चाचपू लागली. एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला. तिसरा अडकला. आता संपलं, असं मला वाटलं. तिने बोटाला पदर गुंडाळला आणि तो फिरवला. चौथा निघाला तशी काच सुटली. ती खाली पडली असती तर त्या आवाजानेच परीक्षा गेली असती. भागूबाईने ती छातीवर झेलली आणि गोधडीवर निजवली. मग उरलेला सगळा वेळ, पडल्या पडल्या, तिने मला हाताशी लागलेल्या सुपाने वारा घातला.

परीक्षा संपली तशी जया खाली आजीशेजारी येऊन बसली. तिला रडू आवरत नव्हतं.

"आज्जे, तू कॅमेऱ्यात दिसली असतीस तर?"

"न्हाई दिसले. पन चूक माजीच हुती. मला वाटलं, मी त्याला राखतीया. मीच त्याचं नाक दाबलं हुतं."

ती काच आता कपाटामागे आहे. उघड्या पोटाने मी कुरूप दिसतो. तरीही भागूबाईने दृष्ट लागू नये म्हणून माझ्या कडेला काजळाचं बोट लावलंच. कापड मात्र पुन्हा कधी टाकलं नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं न्यायला मुकादमाचा टेम्पो दारात थांबला. मला धडकी भरली. जयाच्या बापाने उंबऱ्यातूनच नकारार्थी मान हलवली आणि टेम्पो पुढे निघून गेला.

मित्रांनो, तुम्ही डबा घ्यायला जाल तेव्हा माझ्यासारखा एखादा तुमच्यासमोर झगमगेल. त्याला वारा कुठून मिळतो ते आधी बघा. आणि ज्याची काळजी वाटते त्याला झाकताना, त्याला श्वास घेता येतो ना, तेही बघा.

आता पुन्हा ऊन तापू लागलं आहे आणि मी अजून भितो. जया कामाला बसली की भागूबाई दुपारी माझ्यापाशी येते आणि अंगावर हात ठेवून बघते. ताप नसला तरी ती थोडा वेळ सूप हलवते.